बियॉन्सेचं ‘कंट्री’ खरं की खोटं? उत्तर लावणीच्या इतिहासात सापडतं

पॉप स्टार बियॉन्सेचा ‘काउबॉय कार्टर’ हा अल्बम २९ मार्च २०२४ ला आला. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातलं, गिटार-बँजोवरचं संगीत. अल्बम येताच दोन गट पडले. एक म्हणाला, भारी आहे. दुसरा म्हणाला, हे खरं कंट्रीच नाही.

वाद नेमका काय?

बियॉन्सेचा जन्म टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा, म्हणजे कंट्रीच्या मुलखातला. तरीही २०१६ मध्ये ती कंट्री म्युझिक असोसिएशनच्या पुरस्कार सोहळ्यात गायली, तेव्हा तिच्यावर बरीच टीका झाली. नव्या अल्बमच्या वेळी तिनेच सांगून टाकलं की, हा कंट्री अल्बम नाही, बियॉन्सेचा अल्बम आहे.

पुढे गंमत झाली. ‘टेक्सास होल्ड एम’ हे गाणं बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिलं आलं. तिथे पोहोचलेली ती पहिली कृष्णवर्णीय महिला. त्याच वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनने तिला एकही नामांकन दिलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रॅमीने मात्र तिला सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचा पुरस्कार दिला.

मग ‘अस्सल’ कोण ठरवतं?

बँजो हे कंट्रीची ओळख असलेलं वाद्य. त्याचं मूळ पश्चिम आफ्रिकेतल्या वाद्यांत आहे. गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी ते अमेरिकेत रुजवलं. म्हणजे ज्यांना ‘बाहेरचे’ म्हटलं गेलं, त्यांच्याच पूर्वजांचा या संगीतात वाटा होता.

आपल्याकडे असं काही घडलंय?

घडलंय, पण उलट्या दिशेने. पाटणवरून वाहणारी कोयना कराडला कृष्णेला मिळते. हीच कृष्णा पुढे वाळवा तालुक्यात जाते. तिथल्या रेठरे हरणाक्ष गावात १८६६ साली श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जन्मले. हेच पुढे पठ्ठे बापूराव झाले. ब्राह्मण घरातला माणूस तमाशाच्या फडात गेला म्हणून समाजाने त्यांना नावं ठेवली. पण त्यांच्या लावण्या लोकांनी डोक्यावर घेतल्या. आज लावणी म्हटलं की त्यांचं नाव आधी येतं. त्यांच्या फडात नाचणाऱ्या, दलित समाजातून आलेल्या पवळाबाईंचं नाव मात्र किती जणांना आठवतं?

बियॉन्सेला तिच्या पूर्वजांच्या संगीतात परकं ठरवलं गेलं. बापूराव बाहेरून आले आणि त्या कलेचा चेहरा झाले. दोन्हीकडे मुद्दा एकच : कलेचं श्रेय कोणाला मिळतं आणि कोणाचं नाव मागे पडतं.

सहज ऐकणाऱ्याच्या मताला किंमत आहे का?

आहे. पाटणच्या एसटीत इअरफोन लावून हा अल्बम ऐकणाऱ्याला टेक्सासचा इतिहास ठाऊक असण्याची गरज नाही. सत्तावीस ट्रॅक जास्त वाटले, मधली गाणी रेंगाळली, आवाज मात्र आवडला, हे मत पूर्णपणे त्याचं आहे. त्यासाठी कोणाचा दाखला लागत नाही.

पण ‘आवडलं नाही’ आणि ‘हे खरं नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यासाठी कान पुरेसे आहेत. दुसरं म्हणायचं असेल, तर ती कला कोणी घडवली आणि कोणाला दाराबाहेर ठेवलं, एवढं तरी माहीत हवं. पुढच्या वेळी चित्रपटातल्या लावणीवर ‘ही काय लावणी आहे?’ असं लिहिण्याआधीही हाच फरक कामी येईल.