मेंदूतील प्रथिनांना निळा रंग : अर्ध्या-पाऊण तासात आणि मिथेनॉलविना

पेण-रोहा, प्रतिनिधी : पेण तालुक्यातील हमरापूर-जोहे परिसरात भाद्रपदाच्या कितीतरी महिने आधीपासून गणेशमूर्तींच्या रांगा लागलेल्या दिसतात. रंगकामापूर्वी या सर्व मूर्ती एकसारख्याच भासतात. पीतांबर कोठे संपते आणि शेला कोठे सुरू होतो, हे रंग लागल्यावरच स्पष्ट होते. डोळ्यांची आखणी तर सर्वांत अनुभवी कारागिराकडेच सोपविली जाते. मेंदूवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेतही नेमकी हीच अडचण असते. मेंदूतील शेकडो प्रथिने एका पातळ, पारदर्शक जेलमध्ये वेगवेगळी केली, तरी डोळ्यांना काहीच दिसत नाही. त्यांना रंग द्यावाच लागतो. हा रंग देण्याच्या पद्धतीत गेल्या काही वर्षांत घडलेला बदल दिसायला लहान असला, तरी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तरुण विद्यार्थ्यांच्या आरोग्याशी त्याचा थेट संबंध आहे.

रंगद्रव्य आणि रंजक

कोकण रेल्वे जेथून सुरू होते त्या रोह्याला रंगाचे वेगळे महत्त्व आहे. रोह्याजवळील धाटाव औद्योगिक वसाहतीमुळे हे गाव रसायन उद्योगाच्या नकाशावर आले. १९५१ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सुदर्शन केमिकल इंडस्ट्रीजचा रंगद्रव्यांचा कारखाना रोह्यात आहे. मूळ कलर-केम कंपनीचा येथील कारखाना पुढे क्लॅरियंट आणि नंतर ह्यूबाख या नावाने ओळखला गेला. २०२५ मध्ये सुदर्शनने ह्यूबाख समूह ताब्यात घेतल्यानंतर तोही त्याच छत्राखाली आला.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. रंगद्रव्य म्हणजेच पिगमेंट पाण्यात विरघळत नाही. त्याचे सूक्ष्म कण पृष्ठभागावर बसतात. मूर्तीचा, भिंतीचा किंवा प्लॅस्टिकच्या बादलीचा रंग हा या प्रकारचा असतो. रंजक म्हणजेच डाय मात्र विरघळतो, आत शिरतो आणि धाग्याच्या रेणूला चिकटतो. कापड रंगविण्यासाठी रंजक लागतो. प्रथिनांच्या जेललाही रंजकच लागतो, कारण रंग जेलच्या आत, प्रथिनापर्यंत पोहोचायला हवा.

जेलमध्ये काय घडते?

उंदराचा संपूर्ण मेंदू अर्ध्या ग्रॅमच्याही आतबाहेर असतो. स्मृतीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा त्याचा भाग तर काही मिलिग्रॅमचाच. असा ऊतीचा तुकडा वाटून त्यातील प्रथिने काढली जातात आणि ती एसडीएस या रसायनाबरोबर उकळली जातात. एसडीएस म्हणजे शाम्पू व टूथपेस्टमध्ये फेसासाठी वापरले जाणारे सोडियम लॉरिल सल्फेटच. त्यामुळे प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि त्या सर्वांवर ऋण विद्युतभार येतो. मग विजेच्या प्रवाहाखाली ती जेलमधून धन टोकाकडे सरकू लागतात. लहान प्रथिने जाळीतून भराभर पुढे जातात, मोठी मागे रेंगाळतात. इलेक्ट्रोफोरेसिस म्हणजेच विद्युत् संचारण म्हणतात ते हेच. उल्रिख लेमली यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेली कृती आजही जगभर वापरात आहे.

रंग दिल्यावर जेलवर शिडीच्या पायऱ्यांसारखे निळे पट्टे उमटतात. मेंदूच्या नमुन्यात ट्युब्युलिन आणि ॲक्टिन या प्रथिनांचे पट्टे विशेष ठळक असतात, कारण चेतापेशींचा सांगाडा त्यांचाच बनलेला असतो. दोन नमुन्यांत प्रथिनांचे प्रमाण सारखे आहे किंवा नाही, नमुना खराब झाला आहे का, या प्रश्नांची उत्तरे या पट्ट्यांवरून मिळतात. अल्झायमर वा पार्किन्सनच्या संशोधनात पुढे महागड्या प्रतिपिंडांची चाचणी करावयाची असते. आधीच नमुना चुकलेला असेल, तर पुढचा सर्व खर्च वाया जातो. रंगाला एक रात्र लागते की अर्धा तास, हा प्रश्न म्हणूनच गौण नाही.

लोकरीचा रंग प्रयोगशाळेत

या कामासाठी सर्वाधिक वापरला जाणारा रंजक कुमासी ब्रिलियंट ब्लू या नावाने ओळखला जातो. कुमासी ही आजच्या घानातील असांते राज्याची राजधानी. १८९६ मध्ये ब्रिटिश सैन्याने ती ताब्यात घेतली आणि त्याच सुमारास मँचेस्टरजवळील लेव्हिनस्टाइन कंपनीने लोकरीच्या आपल्या रंगांना हे नाव दिले. एका साम्राज्याच्या स्वारीची खूण अशी जगातील प्रत्येक जीवरसायन प्रयोगशाळेच्या फळीवर बसली आहे. लोकर हेही प्रथिनच असल्याने लोकरीला चिकटणारा रंग जेलमधील प्रथिनांनाही चिकटेल, हा तर्क साधा होता. १९६३ मध्ये हा रंजक प्रथिनांसाठी प्रथम वापरला गेला.

आम्लयुक्त द्रावणात प्रथिनातील आर्जिनीन, लायसीन यांसारख्या घटकांवर धन भार असतो, तर रंजकाच्या रेणूवर ऋण भार. दोघांचे आकर्षण होऊन रंग पक्का बसतो. रंजकाचे दोन प्रकार प्रचलित आहेत. तांबूस छटेचा आर-२५० आणि हिरवट छटेचा जी-२५०. यांपैकी जी-२५० आम्लात तपकिरी दिसतो आणि प्रथिनाला चिकटला की निळा होतो. याच गुणावर १९७६ मध्ये ब्रॅडफर्ड यांनी प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची प्रसिद्ध चाचणी बेतली.

चांदीचे ऋण

याहून सूक्ष्म पद्धत चांदीची आहे आणि ती तर मेंदूसंशोधनातूनच आली. इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी १८७३ मध्ये सिल्व्हर नायट्रेटने चेतापेशी काळ्या करून दाखविल्या. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी ती पद्धत सुधारून मेंदूची रचना उलगडली. दोघांना १९०६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पुढे १९७९ मध्ये स्विट्झर, मेरिल आणि शिफ्रिन यांनी चेतासंस्थेच्या ऊतीसाठी असलेली चांदीची पद्धत प्रथिनांच्या जेलसाठी उतरविली. चांदीने एका नॅनोग्रॅमच्या आसपासचे प्रथिनही दिसते. मात्र पायऱ्या अनेक, वेळ मोजूनमापून पाळावा लागतो आणि फॉर्मल्डिहाइड हे कर्करोगकारक रसायन हाताळावे लागते.

धोका कोठे आहे?

कुमासीच्या जुन्या कृतीत एका लिटर द्रावणात ४०० ते ५०० मिलिलिटर मिथेनॉल आणि सुमारे १०० मिलिलिटर ॲसेटिक आम्ल असते. जेल त्यात तासभर ठेवावे लागते. नंतर जादा रंग काढण्यासाठी तशाच द्रावणाने पुन्हा पुन्हा धुवावे लागते. बहुतेक वेळा हे काम रात्रभर चालते.

मिथेनॉल म्हणजे काय, हे मुंबईकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही. २००४ मध्ये विक्रोळीत आणि २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने जे बळी घेतले, त्यामागे हेच रसायन होते. मालवणीत मृतांची संख्या शंभरावर गेली. शरीरात मिथेनॉलचे रूपांतर फॉर्मिक आम्लात होते आणि ते दृष्टीच्या चेतातंतूवर आघात करते. प्रयोगशाळेत ते कोणी पीत नाही, हे खरे. परंतु ते श्वासावाटे आणि त्वचेतूनही शरीरात जाते, शिवाय सहज पेट घेते. वायू खेचून घेणारे कपाट नसलेल्या खोलीत, उघड्या ट्रेमध्ये रात्रभर हलत राहणारे द्रावण ही केवळ दुर्गंधीची बाब राहत नाही. काम लवकर उरकावे म्हणून हेच द्रावण मायक्रोवेव्हमध्ये गरम करण्याचा मोह तर थेट आगीला निमंत्रण देणारा आहे.

यात आणखी एक विसंगती आहे. खुद्द जेल ज्या ॲक्रिलामाइडपासून बनते, ते रसायन द्रवरूपात चेतासंस्थेला घातक असते. हातापायांना मुंग्या येणे, बधिरता येणे ही त्याची लक्षणे. जेल घट्ट झाल्यावर हा धोका जवळपास संपतो, तरी न जुळलेले थोडे रेणू त्यात उरतात. मेंदूचा अभ्यास करण्याचे साधनच चेतातंतूंवर उलटू नये, यासाठी हातमोजे अपरिहार्य आहेत.

पाणी, चिमूटभर रंग आणि थोडे आम्ल

या पार्श्वभूमीवर २००९ मध्ये लॉरेन्स आणि बेसिर यांनी चित्रफितीसह प्रसिद्ध केलेली कृती महत्त्वाची ठरते. तिच्यात मिथेनॉल नाही आणि ॲसेटिक आम्लही नाही. एक लिटर पाण्यात ६० ते ८० मिलिग्रॅम जी-२५० रंजक काही तास ढवळून घ्यायचा आणि त्यात सुमारे ३ मिलिलिटर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळायचे, एवढेच द्रावण.

यातील खरी मेख रंग देण्यापूर्वीच्या धुण्यात आहे. जेलमध्ये उरलेले एसडीएस प्रथिनाला धरून बसलेले असते आणि रंजकाला जागा देत नाही. म्हणून जेल आधी साध्या पाण्यात ठेवून, उकळी येऊ न देता मायक्रोवेव्हमध्ये गरम करतात आणि काही मिनिटे हलवितात. असे तीनदा केले की एसडीएस निघून जाते. मग जेल रंगाच्या द्रावणात ठेवून किंचित गरम केले की ठळक पट्टे काही मिनिटांत दिसू लागतात. अर्ध्या-पाऊण तासात चित्र बहुतांशी स्पष्ट होते. उरलेला फिकट निळा रंग काढण्यासाठी पुन्हा साधे पाणीच पुरते. सकाळी चालविलेल्या जेलचा निर्णय त्याच दिवशी दुपारी घेता येतो.

अर्थात, सुरक्षित म्हणजे निर्धास्त नव्हे. तीव्र आम्ल नेहमी पाण्यात घालावे, आम्लात पाणी ओतू नये. प्रयोगशाळेतील मायक्रोवेव्हमध्ये खाद्यपदार्थ कधीही गरम करू नयेत. हातमोजे आणि चष्मा येथेही हवेतच.

मर्यादाही आहेत. मद्यार्क व ॲसेटिक आम्ल प्रथिनांना जेलमध्ये गोठवून ठेवण्याचे काम करतात. ते नसल्याने अतिशय लहान प्रथिने धुण्यात निसटू शकतात. अत्यल्प प्रमाणातील प्रथिनासाठी चांदी वा प्रकाशमान रंजकांकडेच वळावे लागते. तसेच रंगविलेले जेल प्रतिपिंडांच्या चाचणीसाठी सहसा उपयोगी पडत नाही, त्यासाठी दुसरे जेल चालवावे लागते. उलट पट्टा कापून वस्तुमान-वर्णपटमापनाने प्रथिन ओळखायचे असल्यास कुमासीचा रंग चांदीच्या अनेक पद्धतींपेक्षा अधिक सोयीचा ठरतो.

रंजक मज्जारज्जूपर्यंत

जी-२५० ची कथा जेलपाशी थांबत नाही. २००९ मध्येच अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने मज्जारज्जूला इजा झालेल्या उंदरांना हा रंजक टोचला. इजेनंतर होणारी पुढची हानी घटली आणि उंदरांची हालचाल काही अंशी सुधारली. उंदीर मात्र काही काळ निळे झाले. हे निष्कर्ष प्राण्यांपुरते आहेत, माणसांवरील उपचार म्हणून त्यांना मान्यता नाही. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत अतिशय पातळ पापुद्रा दिसावा म्हणून हा रंजक वापरण्यास मात्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये मान्यता दिली. खाद्यपदार्थांत भारतात परवानगी असलेला ब्रिलियंट ब्लू एफसीएफ हा निळा रंग याच रासायनिक कुटुंबातील आहे.

सांडपाण्याचा प्रश्न

रंग तयार करणे आणि वापरणे यांइतकेच उरलेल्या रंगाचे काय करायचे, हेही महत्त्वाचे असते. कुंडलिकेच्या काठी वसलेल्या रोह्याला आणि विसर्जनानंतरच्या पाण्याची चिंता वाहणाऱ्या पेणला हे नव्याने सांगावयास नको. प्रयोगशाळेचे सांडपाणी कारखान्याच्या तुलनेत नगण्य असते. तरीही मिथेनॉलमिश्रित द्रावण बेसिनमध्ये ओतून देणे अयोग्यच. ते साठवून नियमानुसार विल्हेवाटीसाठी पाठवावे लागते. नव्या कृतीत हा साठाच जवळपास उरत नाही. उरलेले पातळ आम्ल उदासीन करून आणि रंजक शोषकाने टिपून घेऊन काम भागते.

मोठ्या संशोधन संस्थांकडे वायुवीजनाची यंत्रणा असते, विल्हेवाटीची व्यवस्थाही असते. जिल्ह्याच्या गावांतील महाविद्यालयांत जीवरसायनशास्त्राचा पहिला प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याला बहुधा एक खिडकी आणि एक पंखा एवढ्यावरच भागवावे लागते. पाण्यावर चालणाऱ्या या कृतीचा खरा लाभ त्यालाच अधिक आहे. निळा पट्टा तोच दिसतो, त्यासाठी डोळे आणि फुप्फुसे पणाला लावण्याचे कारण उरत नाही.