ओबद्याची भविष्यवाणी : बंधूच्या पतनाकडे पाहणारी दृष्टी

ओबद्या हा हिब्रू बायबलमधील सर्वांत लहान ग्रंथ होय. अवघ्या २१ वचनांच्या या ग्रंथात अदोमच्या विनाशाचे भविष्य वर्तविले आहे. सूडाचे वाङ्मय म्हणून त्याची बोळवण करण्याचा मोह होतो; परंतु त्यातील १० ते १४ ही वचने बारकाईने वाचली असता निराळाच प्रश्न समोर येतो.

इ. स. पू. ५८७-८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले. ही आपत्ती ओबद्याच्या आरोपामागे आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अदोमी हे एसावाचे वंशज आणि यहूदी याकोबाचे. म्हणजे ही जुळ्या भावांची कुळे. मराठी वाचकाला येथे ‘भाऊबंदकी’ हा शब्द सहज सुचेल, पण तो अपुरा आहे. भाऊबंदकीत वाटणीचा तंटा असतो. तसा तंटा ‘उत्पत्ती’ या ग्रंथात आहे. ओबद्या त्याची आठवणही काढत नाही. लूट केली ती परक्यांनी. अदोम बाजूला उभा राहिला, आणि म्हणूनच तोही त्यांच्यातलाच एक ठरला, असा त्याचा आरोप आहे.

पुढे आठ निषेध येतात, आणि त्यांचा क्रम अर्थपूर्ण आहे. आधी भावाच्या दुर्दिनाकडे पाहणे, मग हर्ष मानणे, मग तोंडाने बढाई मारणे. त्यानंतर वेशीतून आत शिरणे, संपत्तीला हात घालणे, शेवटी पळणाऱ्यांना वाटेवर अडवून कापून काढणे व उरलेल्यांना शत्रूच्या हाती देणे. डोळा, मन, वाणी, पाय, हात असा हा उतार आहे. कत्तलीचा आरंभ ओबद्या दृष्टीत शोधतो. ११ ते १४ या वचनांत ‘दिवस’ या अर्थाचा ‘योम’ हा शब्द दहा वेळा येतो. १३ व्या वचनातील ‘एद’ (आपत्ती) या शब्दाची रूपे तर ‘अदोम’ या नावाशी नादसाम्य साधतात. दुसऱ्याच्या आपत्तीतच पाहणाऱ्याचे नाव ऐकू यावे, असा हा श्लेष आहे.

व्याकरण त्याहून महत्त्वाचे आहे. घटना घडून गेलेली असूनही हिब्रूतील क्रियापदे निषेधार्थी आहेत. ‘पाहायचे नव्हतेस’ हा भूतकाळी ठपका आणि ‘पाहू नकोस’ हा निषेध यांतील भेद मराठीत सहज दाखविता येतो. अनुवादक पहिला पर्याय निवडतो तेव्हा अर्थ सुबोध होतो, पण अदोम इतिहासजमा होतो. दुसऱ्या पर्यायात मात्र नगर अजून पडतेच आहे, आणि वाचकही तेथे उभा आहे.

येथेच खरी अडचण उद्भवते. १५ व्या वचनापासून अदोमचे स्वतःचे पतन सुरू होते. १८ व्या वचनात एसावाचे घराणे धसकटाप्रमाणे जळते. हे वाचून यहूदाच्या वारसाने आनंद मानावा काय? नीतिसूत्रांच्या २४ व्या अध्यायात शत्रूच्या पडण्यावर हर्ष मानण्यास मनाई आहे; त्यामुळे परमेश्वर शत्रूवरील आपला कोप आवरील, असे विलक्षण कारण तेथे दिले आहे. म्हणजे हर्ष मानणारा दैवी न्यायातच बिघाड करतो. ‘अनुवाद’ या ग्रंथात अदोम्याचा तिरस्कार करू नये, कारण तो भाऊ आहे, असे सांगितले आहे. आणि यिर्मयाच्या ४० व्या अध्यायात संकटकाळी काही यहूदी अदोममध्ये राहिले असल्याची नोंद आहे. याचा अर्थ अदोम्यांपैकी काहींनी त्यांना थारा दिला असणे शक्य आहे. ओबद्याचे चित्र त्यामुळे खोटे ठरत नाही, पण ते एकांगी आहे, हे मान्य करावे लागते.

इ. स. पू. सहाव्या शतकात अदोमचे राज्य लयास गेले. बाबेलचा राजा नबोनिदस याच्या स्वारीशी अनेक संशोधक त्याचा संबंध जोडतात. ज्यांच्या सोबतीने भावाचे पतन पाहिले, त्यांच्याच हातून हा अंत झाला असावा. ओबद्या मात्र त्यावर जल्लोषगीत रचीत नाही. अखेरच्या वचनात एसावाच्या डोंगराचा न्याय होतो. राज्य मिळते ते याकोबाला नव्हे, परमेश्वराला.