बोक्याचें पडणें आणि प्रेक्षकाचें हंसणें

इटलीतील जुन्या प्रहसनांत विदूषकाच्या हातीं एक विशिष्ट प्रकारची काठी असे. दोन पातळ फळ्या मुठीजवळ एकत्र बांधून ती केलेली असे. कोणाच्या पाठीवर ती बसली कीं फळीवर फळी आपटून मोठा फटकारा उठे. परंतु ज्याच्या पाठीवर ती बसे त्याला फारशी इजा होत नसे. इंग्रजींत या काठीला ‘स्लॅपस्टिक’ असें नांव मिळालें, आणि पुढें धडपड, झोडपाझोडपी व फजिती यांवर उभारलेल्या सर्वच विनोदाला तें नांव चिकटलें. आवाज मोठा आणि जखम नाहीं, अशी त्या काठीची किमया. व्यंगचित्रपटांतील धांगडधिंग्याला लोक इतके कां हंसतात, या प्रश्नाचा विचार या काठीपासूनच सुरू करणें सोयीचें.

टॉम नांवाचा बोका आणि जेरी नांवाचा उंदीर यांची जोडी घ्यावी. मेट्रो-गोल्डविन-मायर या अमेरिकन चित्रसंस्थेंत विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा या दोघांनीं १९४० सालीं ‘पुस गेट्स द बूट’ हें छोटें चित्र तयार केलें. त्यांत बोक्याचें नांव अद्याप टॉम नव्हतें, जॅस्पर होतें. पुढें १९५८ पर्यंत या जोडीचीं ११४ चित्रें या दोघांच्या दिग्दर्शनाखालीं निघालीं आणि त्यांपैकीं ७ चित्रांना ऑस्कर पारितोषिक मिळालें. प्रत्येक चित्र सुमारें ७ मिनिटांचें. विषय बहुधा एकच. बोका उंदराला धरूं पाहतो, आणि उंदीर त्याच्या हातीं लागत नाहीं. शेवट आधींच ठाऊक असलेली ही गोष्ट पुनःपुन्हां पाहावयास लोक कंटाळले कसे नाहींत?

व्यंगचित्रांत वाटेल तें घडूं शकतें, म्हणून तीं मौजेचीं होतात, असें पुष्कळदां म्हटलें जातें. हें अर्धेंच खरें आहे. जेथें वाटेल तें घडूं शकतें तेथें कशाचेंच नवल वाटत नाहीं, आणि नवलावांचून हंसें नाहीं. या चित्रांतील जगाला स्वतःचे कायदे आहेत, आणि ते मोठे कडक आहेत. चक जोन्स यांनीं १९४९ सालीं पडद्यावर आणलेला कायोटी, म्हणजे अमेरिकेंतील कोल्ह्याच्या जातीचा एक प्राणी, पक्ष्याचा पाठलाग करतां करतां कड्याच्या पलीकडे धांवत जातो आणि अधांतरीं उभा राहतो. खालीं पाहीपर्यंत तो पडत नाहीं. खालीं पाहिलें कीं पडलाच. वजनाचा नियम येथें रद्द झालेला नाहीं, त्याला थोडी मुदत मिळालेली आहे. आणि मुदत संपतांच वसुली होते. प्रेक्षकाला तें कर्ज आधींच दिसत असतें, बिचाऱ्या कायोटीला तें सर्वांच्या शेवटीं कळतें. हंसें येतें तें या दोन क्षणांच्या मधल्या जागेंत.

‘द कॅट कन्चर्टो’ या १९४७ सालच्या चित्रांत हा कायदा अधिक सूक्ष्म झाला आहे. टॉम लांब कोट घालून सभागृहांत पियानो वाजवावयास बसतो. संगीत आहे फ्रान्झ लिस्टच्या दुसऱ्या हंगेरियन ऱ्हॅप्सडीचें. पियानोच्या पोटांत जेरी झोंपलेला असतो. वाद्याच्या हातोड्या त्याला उठवितात आणि तो सूड उगवूं लागतो. कोठें पट्टी वर उचलून बोटावर मार, कोठें पट्ट्यांच्या जागीं उंदीर धरण्याचा चाप. परंतु टॉमला उठतां येत नाहीं. मैफल भर सभेंत चालली आहे, सूर तुटतां कामा नये. बोटें चापांत सांपडोत, तो वाजवीत राहतो; वेळ आली तर पायांनीं वाजवितो. त्याची बोटें बऱ्याच अंशीं योग्य त्याच पट्ट्यांवर पडतांना चितारलेलीं आहेत, ही गोष्ट संगीत जाणणाऱ्यांच्या नजरेंतून सुटत नाहीं. आणि शेवटीं गलितगात्र होऊन तो कोसळतो तेव्हां टाळ्यांचा मानकरी कोण होतो? जेरी. प्रतिष्ठा सांभाळण्याची धडपड आणि ती पदोपदीं सुटत जाणें, हें दृश्य कोणत्याहि देशांतील माणसाला चांगलें परिचयाचें आहे. या चित्रांत जवळजवळ कोणी बोलत नाहीं, त्यामुळें तें समजावयास भाषेची गरजहि पडत नाहीं.

पडण्याचा क्षण नेमका साधणें हें मात्र अत्यंत किचकट काम होतें. चित्रपटाच्या फितीवर एका सेकंदास २४ चौकटी धांवतात. म्हणजे ७ मिनिटांस दहा हजारांहून अधिक. हालचाल कागदावर पेन्सिलीनें काढावयाची, मग त्या रेषा पारदर्शक सेल्युलॉईडवर उतरवून रंगवावयाच्या, आणि मग एकेक चौकट टिपावयाची. हें रंगविण्याचें काम त्या काळीं बहुतांशीं स्त्रिया करीत. भारतांत दादासाहेब फाळके यांनीं १९१५ सालीं ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटांत आगकाड्या चालविल्या, त्यामागेंहि अशीच चिकाटी होती. थोडें हलवावें, एक चौकट टिपावी, पुन्हां हलवावें. बार्बेरा प्रसंग रचीत व चितारीत; हॅना काळाचें गणित मांडीत. तवा तोंडावर आपटण्यापूर्वीं किती चौकटी थांबावयाचें, हें आधीं ठरे. स्कॉट ब्रॅडली हे संगीतकार पावलापावलाला सूर जुळवीत. टॉमची ती प्रसिद्ध किंकाळी स्वतः हॅना यांच्या गळ्यांतली. एवढें करून पारितोषिकाची मूर्ति स्वीकारावयास व्यासपीठावर जात ते निर्माते फ्रेड क्विंबी!

या विनोदावर क्रौर्याचा आक्षेप फार जुना आहे, आणि तो उडवून लावण्याजोगा नाहीं. सुरुंग, कुऱ्हाड, इस्त्री, यांनीं कोणाला हंसवावें? उत्तर पुन्हां त्या काठींत आहे. इस्त्रीखालीं सांपडून पापडासारखा झालेला टॉम पुढच्या दृश्यांत धडधाकट असतो. शिवाय मार बहुधा थोराला बसतो, आणि तोहि स्वतःच मांडलेल्या सापळ्यांत. ‘माउस ट्रबल’ या १९४४ सालच्या चित्रांत उंदीर कसा धरावा यावरील पुस्तक वाचून टॉम उद्योगाला लागतो आणि अखेरीस स्वतःच्या सुरुंगानें घरासकट उडून ढगावर बसून स्वर्गास जातो. पुढच्या चित्रांत तो हजर! १९४१ च्या नाताळविषयक चित्रांत तर हाच टॉम बर्फांत गारठलेल्या जेरीला घरांत आणून शेकोटीजवळ ऊब देतो. वैर असें असल्यावर द्वेषाला जागा उरत नाहीं.

परंतु एके ठिकाणीं ती काठी खरोखर लागली, हें सांगितलें पाहिजे. या चित्रांत घर सांभाळणारी एक कृष्णवर्णी बाई येते. तिचे बहुधा पायच दिसतात, आणि तिचें बोलणें व वागणें निग्रो समाजाची थट्टा करणाऱ्या जुन्या नाटकी ठशांतून उचललेलें आहे. स्फोटानंतर काळवंडलेल्या तोंडाचे विनोदहि त्याच जातीचे. त्या समाजांतून आक्षेप निघाले, आणि पुढें दूरचित्रवाणीसाठीं कांहीं चित्रांत ती व्यक्ति बदलण्यांत आली. बोक्याची जखम दुसऱ्या दृश्यांत भरून येते. प्रेक्षागृहांत बसलेल्या जिवंत माणसाची भरून येत नाहीं; तेथें हंसें अडकतें, आणि तें अडकावेंहि.

१९५७ सालीं त्या चित्रसंस्थेनें आपला व्यंगचित्रविभाग बंद केला. जुनींच चित्रें पुन्हां दाखविलीं तरी उत्पन्न जवळजवळ तेवढेंच होतें, मग नवीं कशाला? हॅना व बार्बेरा दूरचित्रवाणीकडे वळले. तेथें पैसा थोडा आणि वेळ त्याहून थोडा, म्हणून चित्रांची संख्या घटली आणि बोलणें वाढलें. त्यांच्या योगी नांवाच्या अस्वलाच्या गळ्यांत कॉलर व टाय आहे, ती केवळ थाटासाठीं नाहीं. मानेवर अशी रेषा मिळाली कीं धड जसेंच्या तसें ठेवून डोकें तेवढें नव्यानें काढतां येई. १९९५ सालीं कार्टून नेटवर्क वाहिनी भारतांत सुरू झाल्यावर हीं दोन्ही प्रकारचीं चित्रें मराठी घरांत आलीं. योगीचें इंग्रजी बोलणें लहान मुलांना कोणीतरी समजावून सांगावें लागे. टॉम जिन्यावरून गडगडत आला कीं तीं आपणहून हंसत.