परवान्यातून राहून गेलेला एक शब्द

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळांच्या इंग्रजी बाजारपेठेत, मोजके अपवाद सोडले तर, गेली पन्नास वर्षे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हे एकच नाव अग्रभागी राहिले आहे आणि त्याच काळात त्याच्याहून सर्वस्वी वेगळ्या धाटणीचे असंख्य खेळही जन्माला आले आहेत. वर्चस्व आणि विविधता यांचे हे सहजीवन समजून घेण्यासाठी नियमांच्या जाडजूड पुस्तकांपेक्षा त्यांच्या शेवटच्या पानावर बारीक टाइपात छापला जाणारा पंधरा कलमांचा एक कायदेशीर मजकूर अधिक उपयोगी पडतो. ‘ओपन गेम लायसन्स’ या नावाचा हा परवाना २००० साली अस्तित्वात आला आणि २०२३ च्या जानेवारीत त्याच्यावरून या क्षेत्रातील सर्वांत मोठा झगडा पेटला.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथून टीएसआर या छोट्या कंपनीने तीन पुस्तिकांच्या रूपाने विक्रीस आणला, तेव्हा पहिल्या आवृत्तीच्या केवळ १,००० प्रती छापल्या होत्या. प्रत्येक खेळाडूने एक पात्र घ्यायचे, सूत्रधाराने प्रसंग रचायचे आणि पात्राची कृती साधली की फसली हे फाशांनी ठरवायचे, ही कल्पना इतकी सुपीक होती की पुढच्याच वर्षी केन सेंट आंद्रे यांचा ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ आला आणि त्याने नेहमीच्या सहा बाजूंच्या फाशांवर काम भागवले. १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’ने हा खेळ अंतराळात नेला, १९८१ च्या ‘कॉल ऑफ कथुलू’ने पराक्रमाच्या जागी भय आणले आणि १९९१ च्या ‘व्हॅम्पायर’ने खेळाडूला राक्षसाच्याच भूमिकेत बसवले. इंग्रजीबाहेर तर क्रमच बदलला. स्वीडनमध्ये १९८२ चा ‘ड्राकर ओक देमोनेर’ घरोघरी पोहोचला. जर्मनीत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या हक्कांचा व्यवहार न जुळल्यामुळे श्मिट श्पीले या कंपनीने उलरिख कीजोव यांच्याकडून ‘दास श्वार्त्से आउगे’ हा स्वतंत्र खेळ लिहून घेतला आणि १९८४ पासून तोच तेथील प्रमुख खेळ ठरला. जपानमध्ये १९८९ साली ‘सोर्ड वर्ल्ड’ खिशात मावणाऱ्या स्वस्त पुस्तकाच्या रूपात आला. त्या त्या देशातील वाचकाला परवडेल आणि समजेल असा खेळ पोहोचला, की मूळ खेळाच्या कीर्तीचा तेथे फारसा उपयोग होत नाही, हे या उदाहरणांवरून स्पष्ट होते.

टीएसआरचा शेवट मात्र विविधतेच्याच एका वेगळ्या प्रकाराने जवळ आणला. नव्वदच्या दशकात या कंपनीने ‘ड्रॅगनलान्स’, ‘फरगॉटन रिअल्म्स’, ‘रेव्हनलॉफ्ट’, ‘डार्क सन’, ‘प्लेनस्केप’ अशी अनेक कल्पित जगे एकाच वेळी बाजारात चालू ठेवली. एका जगाचा ग्राहक दुसऱ्या जगाची पुस्तके घेईना, प्रत्येक पुस्तकाचा खप घटत गेला आणि कादंबऱ्यांच्या परत येणाऱ्या गठ्ठ्यांचा व छपाईच्या थकबाकीचा बोजा वाढून १९९७ मध्ये ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने ही कंपनी विकत घेतली. दोन वर्षांनी विझार्ड्सही हॅस्ब्रो या खेळण्यांच्या मोठ्या उद्योगाच्या ताब्यात गेली.

या हस्तांतरात टीएसआरची दप्तरे तपासणारे रायन डॅन्सी हे गृहस्थ सर्वसामान्य खेळाडूला फारसे परिचित नाहीत, पण या बाजाराची आजची घडण त्यांच्या एका युक्तिवादाने ठरवली. हा खेळ कोणी एकट्याने खेळत नाही. त्याला तेच नियम जाणणारे आणखी चार-पाच जण लागतात, म्हणून ज्या खेळाचे जाणकार सर्वाधिक, त्याच्याकडेच नवा खेळाडू ओढला जातो. यावरून डॅन्सी यांनी असा निष्कर्ष काढला की नियमांचा गाभा सर्वांना मोफत वापरू द्यावा, छोट्या प्रकाशकांनी त्यावर आपापल्या मोहिमा लिहाव्यात, आणि त्यांची प्रत्येक विक्री शेवटी विझार्ड्सच्या ‘प्लेयर्स हँडबुक’ची मागणी वाढवील. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतील परवान्यांचा आदर्श समोर ठेवून हा परवाना रचला गेला. त्यात उदारता होती आणि हिशेबही होता, आणि हिशेब होता म्हणून ती उदारता कमी मोलाची ठरत नाही.

वास्तविक खेळाच्या नियमांवर कॉपीराइट चालत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ च्या ‘बेकर विरुद्ध सेल्डन’ या खटल्यात, हिशेबाची एक पद्धत सांगणाऱ्या पुस्तकासंबंधी, लेखकाचा हक्क पुस्तकातील मांडणीवर असतो, सांगितलेल्या पद्धतीवर नसतो, असा दंडक घालून दिला आहे. तरीही नियम कोठे संपतो आणि मांडणी कोठे सुरू होते ही रेषा धूसर आहे आणि ती न्यायालयात आखून घेण्याचा खर्च छोट्या प्रकाशकाच्या आवाक्याबाहेरचा आहे. खुद्द गायगॅक्स यांच्या ‘डेंजरस जर्नीज’ या पुढच्या खेळावरही टीएसआरने १९९२ मध्ये दावा लावला होता. परवान्याने दिली ती मुख्यतः या भीतीपासून मुक्ती.

मजकुराचे चौथे कलम वापराचा हक्क कायमस्वरूपी, जगभर आणि रॉयल्टीविना देते. पंधरावे कलम उसन्या घेतलेल्या प्रत्येक मजकुराच्या मूळ कर्त्याचा उल्लेख करायला लावते, त्यामुळे अनेक पुस्तकांच्या शेवटी कोणी कोणाकडून काय घेतले याची एक लांबलचक वंशावळच छापलेली दिसते आणि या क्षेत्राच्या अभ्यासकाला तिच्याइतके प्रामाणिक साधन दुसरे नाही. नववे कलम सांगते की विझार्ड्स परवान्याच्या नव्या आवृत्त्या काढू शकेल आणि वापरकर्त्याने कोणतीही ‘अधिकृत’ आवृत्ती निवडावी. परवाना ‘कायमस्वरूपी’ होता. पण तो ‘मागे घेता येणार नाही’ असे त्यात कोठेही लिहिलेले नव्हते.

या उणिवेकडे लक्ष जाण्यास वेळ लागला, कारण कंपनीनेच २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रश्नोत्तरांत, बदल न रुचल्यास जुनी आवृत्ती वापरत राहता येईल, असा निर्वाळा दिला होता. खेळाच्या २००८ च्या चौथ्या आवृत्तीबरोबर कंपनीने अधिक जाचक परवाना आणला, तेव्हा पायझो या प्रकाशन संस्थेने जुन्याच परवान्याच्या आधारे तिसऱ्या आवृत्तीचे नियम सुधारून २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ काढला आणि काही काळ दुकानांतील विक्रीत मूळ खेळालाही मागे टाकले. डॅन्सी यांची व्यवस्था येथे कसोटीला उतरली: मालकाने पाठ फिरवली तरी खेळाडूंचा खेळ थांबला नाही.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने गमावलेले स्थान परत मिळवून दिल्यावर, २०२३ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नव्या परवान्याचा मसुदा फुटला. वर्षाला ७,५०,००० डॉलरपेक्षा अधिक उत्पन्न असलेल्यांकडून वरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी मागणारा हा मसुदा जुना परवाना यापुढे ‘अधिकृत’ नाही असे जाहीर करत होता. म्हणजे नवव्या कलमातील एका विशेषणावर तेवीस वर्षांचा व्यवहार उलटवण्याचा हा प्रयत्न होता. त्याहून बोलके कलम दुसरेच होते. इतरांनी निर्मिलेले साहित्य वापरण्याचा जो हक्क कंपनी स्वतःसाठी मागत होती, तो मागे घेता येणार नाही असे त्यात स्पष्ट लिहिले होते. देताना राहून गेलेला शब्द घेताना आठवणीने घातला गेला, हा तपशील ज्या प्रकाशकांची पोटे या परवान्यावर अवलंबून होती त्यांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते.

खेळाडूंनी कंपनीच्या डिजिटल सेवेची वर्गणी बंद केली, पायझोने कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नसलेला ‘ओर्क’ हा परवाना जाहीर केला आणि पाथफाइंडरच्या पुस्तकांचा आठ महिन्यांचा साठा दोन आठवड्यांत संपला. कंपनीने मागवलेल्या मतांत १५,००० हून अधिक उत्तरे आली आणि जुना परवाना अनधिकृत ठरवण्याविषयी ८९ टक्के लोकांनी असमाधान नोंदवले. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेऊन जुना परवाना कायम ठेवला. पायझोने तरीही त्याच वर्षी आपली पुस्तके नव्याने लिहून काढली. ‘मॅजिक मिसाइल’ या प्रसिद्ध मंत्राचे नाव ‘फोर्स बराज’ झाले आणि पात्रांची सुष्ट-दुष्ट अशी जुनी वर्गवारी गेली. एकदा मोडलेला विश्वास करार जागेवर ठेवल्याने सांधत नाही, हे या खाडाखोडीइतके स्पष्टपणे दुसरे काही सांगत नाही.

या इतिहासातून निघणारे अनुमान असे की एका खेळाचे वर्चस्व विविधतेला मारक ठरतेच असे नाही. बहुसंख्य खेळाडू एक भाषा बोलत असले तर त्या भाषेत लिहिणारेही वाढतात. धोका असतो तो त्या भाषेचे व्याकरण कोणा एकाच्या मर्जीवर अवलंबून राहण्याचा. म्हणूनच २७ जानेवारीच्या निर्णयातील दुसरा भाग अधिक महत्त्वाचा मानला पाहिजे. पाचव्या आवृत्तीचा मूलभूत नियमसंग्रह त्या दिवशी ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या परवान्याखालीही खुला झाला, आणि २००० साली लिहायचा राहून गेलेला शब्द त्या परवान्याच्या मजकुरात आहे: दिलेला हक्क मागे घेता येत नाही.