मासा सर्वांत शेवटी
काचेतलं तळं : भाग ४

टाकी आणि मासा एकाच दिवशी घरी आणू नका. आजचा सगळा लेख म्हणजे या एका वाक्यामागची कारणं आहेत. शनिवारी टाकी, रंगीत खडे, एखादं रोप आणि पिशवीतला निळा-लाल फायटर अशी खरेदी होते, रविवारी टाकी भरली जाते आणि पंधरा दिवसांत मासा तळाशी पडून राहायला लागतो. मुलं हिरमुसतात, मोठी माणसं म्हणतात, ‘हे मासे टिकतच नाहीत.’ मासा तसा चिवट असतो. पाणी तयार झालेलं नसतं.

गेल्या आठवड्यात आपण फायटरचं, म्हणजेच बेट्टाचं, मूळ घर पाहिलं : मध्य थायलंडमधली भातखाचरं, पाणथळ जागा, संथ कालवे. त्याच्या शरीराचं एक वैशिष्ट्य आज पुन्हा लागणार आहे. कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत त्याला घड्याघड्यांचा एक अवयव असतो, लॅबिरिन्थ. पृष्ठभागावर येऊन तो हवेचा घोट घेतो आणि या अवयवातून हवेतला प्राणवायू थेट रक्तात घेतो. उन्हाळ्यात आटत चाललेल्या, प्राणवायू संपत आलेल्या पाण्यात तो तग धरतो तो यामुळे. आणि याच गुणाचा दाखला देऊन त्याला प्लास्टिकच्या पेल्यात ठेवलं जातं. ‘डबक्यातला मासा आहे, बरणी पुरते त्याला.’ या युक्तिवादाची मला खरोखर चीड येते. भातखाचर उथळ असतं, पण लहान नसतं. आणि आटलेलं डबकं हे त्याचं घर नव्हे, त्याच्यावर आलेलं संकट आहे. हवेतून श्वास घेता येतो म्हणून स्वतःच्या शरीरातून बाहेर पडणारं विष काही त्याला सोसत नाही. बरणीत तो चटकन गुदमरत नाही, हळूहळू खंगतो, एवढंच.

हे विष म्हणजे अमोनिया. माशाने खाल्लेल्या प्रथिनांतला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात उतरतो. उरलेलं खाणं आणि कुजणारी पानं त्यात भर घालतात. त्याला रंग नाही आणि माशाला घातक ठरेल इतका अमोनिया असला तरी आपल्या नाकाला तो कळत नाही. पाणी जितकं गरम आणि त्याचा सामू जितका जास्त, तितका त्यातला विषारी भाग वाढतो. काचेतून आरपार दिसणारं पाणी स्वच्छ असेलच असं नाही, ते यामुळे.

निसर्गात याचा निचरा मुख्यतः दोघं करतात, वनस्पती आणि जिवाणू. या दोन्हींची उकल एकाच घरातल्या बाप-लेकांशी जोडलेली आहे आणि ती हकिकत मला फार आवडते. रॉबर्ट वॉरिंग्टन हे लंडनमधले रसायनशास्त्रज्ञ. १८४९-५०च्या सुमारास त्यांनी काचेच्या भांड्यात गोल्डफिश आणि वॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती एकत्र ठेवली. काही काळ बरं चाललं. मग जुनी पानं सडू लागली, पाणी गढुळलं, काचेवर शेवाळ धरलं. त्यांनी पाणगोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी सडकी पानं आणि शेवाळ फस्त केलं, पाणी निवळलं आणि ते न बदलता मासे जगले. पुढे त्यांचा त्याच नावाचा मुलगा इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात जमिनीतल्या नायट्रोजनचा अभ्यास करत राहिला. अमोनियाचं आधी नायट्राइट होतं, मग नायट्राइटचं नायट्रेट, आणि ही दोन कामं वेगवेगळे जिवाणू करतात, हे त्याच्या प्रयोगांतून पुढे आलं. ते जिवाणू वेगळे काढून दाखवण्याचं श्रेय सर्गेई विनोग्रादस्की यांचं, साल १८९०. बापाने टाकी लावली होती. ती कशी चालते याचं अर्धं उत्तर मुलाला शेतातल्या मातीत मिळालं.

नायट्राइटही घातकच. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद काढून घेतं. नायट्रेट मात्र बरंच सौम्य असतं; ते रोपं वापरतात आणि उरलेलं आठवड्याला पाणी बदलताना निघून जातं. नव्याकोऱ्या काचेवर आणि धुतलेल्या वाळूवर हे जिवाणू पुरेसे नसतात आणि त्यांची वाढ संथ असते. बस्तान बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मासा पहिल्याच दिवशी सोडला, तर तो सगळा काळ त्याने अमोनिया आणि नायट्राइटमध्ये काढायचा. रोपं मात्र लावल्यापासून अमोनिया शोषू लागतात आणि पाण्यात दोन्ही असतील तर बहुतेक पाणवनस्पती नायट्रेटच्या आधी तोच उचलतात. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मातीवर दाट रोपं लावलेल्या टाकीची बाजू सविस्तर मांडली. आपली टाकी त्याच वाटेने जाणार आहे.

आता हात भिजवू. टाकी ४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच घ्या. गणिताने ती ४० लिटरची होते. माती आणि वरची मोकळी जागा वजा जाता ३० लिटरच्या आसपास पाणी राहतं. २० लिटरच्या खाली जाऊ नका. भरलेली टाकी पन्नास किलोच्या घरात जाते, तेव्हा जागा भक्कम आणि समतल हवी. खाली थर्माकोल घाला. खिडकीतलं थेट ऊन टाळा, नाहीतर टाकीत शेवाळाचंच राज्य होईल.

मातीच्या बाबतीत देशावरच्या वाचकांना आधी सावध करतो : काळी माती नको. ती भिजली की फुगते आणि रोप उपटताना सगळं पाणी गढूळ करते. शेणखत, रासायनिक खत किंवा फवारणी न झालेली बागेतली साधी पोयट्याची माती चाळून घ्या, थर दोन-अडीच सेंटिमीटरचा. आपल्याकडे बरेच हौशी लोक गांडूळखत वापरतात. तेही चालतं, पण थर त्याहून पातळ ठेवा, कारण पहिले काही आठवडे ते भरपूर अमोनिया सोडतं. माशाला थांबवण्याचं हे आणखी एक कारण. मातीवर तेवढाच जाड वाळूचा थर द्या. बांधकामाची जाड वाळू चाळून, धुण्याचं पाणी नितळ येईपर्यंत धुतली की उत्तम काम देते. मूठभर वाळूवर लिंबू पिळून पाहा. फेस आला तर तिच्यात चुना आहे, ती नको. समुद्राची वाळू याच कारणाने बाद. टोकदार खडे आणि प्लास्टिकची रोपंही नकोत, फायटरचे लांब पर त्यांवर फाटतात.

रोपांची लावणी वाळू ओली आणि पाणी जेमतेम वर असताना करा. मागच्या बाजूला वॅलिस्नेरिया लावा, वॉरिंग्टन यांच्या भांड्यातलीच. तिच्या जाती आपल्या नद्या-तलावांतही आहेत. सोबत हायड्रिलाच्या काड्या खोचा. शाळेत प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात काचेच्या नरसाळ्याखाली जिचे बुडबुडे मोजले, तीच ही. ती भराभर वाढते आणि भराभर वाढणारं रोपच अमोनिया भराभर ओढतं. सुरुवातीच्या महिन्यात देखण्या रोपापेक्षा खादाड रोप मोलाचं. मध्यभागी क्रिप्टोकोरीन शोभून दिसते. नव्या टाकीत आठवड्याभरात तिची पानं विरघळल्यासारखी गळून पडतील; घाबरून उपटू नका, मुळं जिवंत असतात आणि नवी पानं फुटतात. अनुबियास आणि जावा फर्न यांचं आडवं खोड वाळूत पुरलं की कुजतं, म्हणून ती लाकडाच्या ओंडक्याला साध्या दोऱ्याने बांधायची. अनुबियासची रुंद पानं पृष्ठभागाजवळ येतील असं पाहा. फायटरला त्यांवर टेकून विसावायला आवडतं, शिवाय हवा घ्यायला वर जाण्याचं अंतरही कमी पडतं. वर साल्व्हिनिया किंवा पिस्टियासारखी तरंगती रोपं सोडा. नर त्यांच्या आधाराने बुडबुड्यांचं घरटं बांधतो. पण त्यांनी पृष्ठभागाचा तिसरा हिस्सा व्यापला की जास्तीची काढत चला, नाहीतर खालच्यांना उजेड मिळत नाही.

आणि काढलेली रोपं नदी-नाल्यात टाकू नका. जलपर्णीने पवना, इंद्रायणी, उल्हास यांचं काय केलं ते आपण पाहतो आहोत. साल्व्हिनिया आणि पिस्टियाही तशाच पसरतात. वाळवून कुंडीत घाला. उलट बाजूनेही हेच : क्रिप्टोकोरीनच्या काही जाती कोकण-गोव्याच्या ओढ्यांकाठी मुळात वाढतात, त्यातल्या काही दुर्मीळ आहेत. फिरायला गेल्यावर ती रोपं उपटून आणू नका. दुकानात लागवडीची रोपं मिळतात, तीच घ्या. संख्येत कंजुषी नको. पहिल्या दिवशी जमिनीचा निम्म्याहून जास्त भाग रोपांखाली गेलेला दिसला पाहिजे.

एक गोष्ट मात्र फुकट मिळते. मुंबईच्या सोसायट्यांत आणि किनाऱ्यालगतच्या गावांत सावलीसाठी लावलेला बदाम, सुकामेव्यातला नव्हे, आडव्या फांद्यांचा आणि तांबड्या पानगळीचा, त्याचं वाळून आपोआप पडलेलं पान थायलंडचे बेट्टापालकही माशाच्या पाण्यात घालतात. फवारणी आणि रहदारीपासून दूरचं एक पान धुऊन टाका. पाण्याला फिकट चहाचा रंग येईल. तो रंग टॅनिनचा. मृदू पाण्यात त्याने सामू थोडा उतरतो. मुंबईचं धरणाचं पाणी मृदू आहे, तिथे फरक जाणवेल. बोअरवेलच्या जड पाण्यात सामू फारसा हलणार नाही, पण फायटर तेही बऱ्यापैकी सोसतो. सारखी औषधं ओतून सामू खाली-वर करण्यापेक्षा स्थिर पाणी केव्हाही चांगलं.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशालाही मारक आणि आपल्या जिवाणूंनाही. उघड्या बादलीत पाणी दिवसभर ठेवलं की साधं क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर दुकानातले क्लोरीन काढायचे थेंब वापरा. वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर सावकाश पाणी ओता, म्हणजे माती उसळणार नाही. वर चार-पाच सेंटिमीटर जागा मोकळी सोडा आणि झाकण लावा. फायटर उडी मारतो, आणि झाकणाखालची उबदार दमट हवा त्याच्या लॅबिरिन्थला मानवते.

गाळणीसाठी छोटा स्पंज फिल्टर आणि हवेचा पंप पुरे. जोराचा प्रवाह नको. लांब पर ओढत त्याविरुद्ध पोहणं या माशाला फार थकवतं. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, म्हणजे वीज गेल्यावर नळीतून पाणी उलट उतरणार नाही. भारनियमनाच्या गावांत काळजी माशाच्या श्वासाची नसते, स्पंजातल्या जिवाणूंची असते. त्यांनाही प्राणवायू लागतो. दिवा रोज सहा ते आठ तास, जमलं तर टायमरवर. पाणी २४ ते २८ अंश सेल्सियसमध्ये राहायला हवं. मुंबई-कोकणात बहुतेक वर्षभर आपोआप राहतं. पुणे-नाशिकच्या डिसेंबरात ५० वॅटचा हीटर लागतो, आणि नागपूरच्या मेमध्ये उलट पंचाईत. तिथे टाकी कूलरच्या खोलीत असावी.

आता थांबायचं. दोन दिवसांआड चिमूटभर माशाचं खाणं रिकाम्या टाकीत टाका, जिवाणूंना तोच खुराक. या काळात पाणी एकदा पांढुरकं होईल, काचेवर आणि पानांवर तपकिरी पूड बसेल, कुठून तरी बारीक गोगलगायी उगवतील. हे सगळं रीतसर चाललं आहे. टाकी रिकामी करून घासून धुण्याची ऊर्मी आवरा. धुतलीत की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा थोडा स्पंज मागून आणा, वाट पाहण्याचे दिवस बरेच कमी होतात. अंदाजावर जाऊ नका, थेंबांचं परीक्षण किट घ्या. अमोनिया चढेल, मग उतरेल. नायट्राइट चढेल, मग उतरेल. खाणं टाकत असतानाही आठवडाभर दोन्ही शून्य दिसली आणि रोपांना नवी पानं फुटली, की दुकानात जा.

फायटर एकच घ्या, पर पसरलेला, आरसा दाखवल्यावर फुलणारा. घरी आल्यावर दिवा बंद ठेवा. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत राहू द्या, मग थोडं थोडं टाकीचं पाणी तिच्यात घालत अर्धा तास घालवा आणि मासा जाळीने उचलून सोडा. दुकानाचं पाणी टाकीत जाऊ देऊ नका. त्या दिवशी खाणं नाही. पहिले दोन आठवडे दिवसाआड अमोनिया तपासा. शून्याच्या वर दिसला तर खाणं थांबवून तिसरा हिस्सा पाणी बदला, नव्या पाण्याचं तापमान जुन्याइतकंच ठेवून. सगळं ठीक असेल तर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदललं की भागतं, आणि स्पंज टाकीतून काढलेल्या त्याच पाण्यात पिळायचा, नळाखाली कधीच नाही.

पुढच्या आठवड्यात त्याचं खाणं पाहू : किती, कोणतं, आणि डासांच्या अळ्या घरी पकडताना काय सांभाळायचं.