चार खाटांचा दवाखाना

अमेरिकेच्या पश्चिम टोकाला वॉशिंग्टन नावाचा मुलूख आहे. (राजधानी वॉशिंग्टन निराळी.) तिथे १८५६ साली पाच कॅथलिक सिस्टर आल्या. मुख्य होत्या मदर जोसेफ. बाप गाड्या बांधायचा; त्याच्याजवळ त्या सुतारकाम शिकलेल्या. धुण्यासाठी आणि पाव भाजण्यासाठी त्या एक खोली बांधत होत्या. गावच्या बाया म्हणाल्या, आधी आजाऱ्यांचं बघा. १८५८ साली त्याच खोलीत चार खाटा पडल्या. झाला दवाखाना!

पैसा कुठून आणायचा? मदर घोड्यावर बसून खाणीखाणींतून हिंडल्या, मजुरांपुढे झोळी पसरली.

असे दवाखाने वाढत गेले. आज त्या ‘प्रॉव्हिडन्स’ संस्थेची पन्नासच्या आसपास इस्पितळे आहेत. आपण धर्मादाय म्हणतो तशीच ती. नफा कुणी वाटून घ्यायचा नाही, आणि गरिबाला बिलात सूट द्यायची.

पण पसारा वाढला की कारकुनी वाढते, असे आम्हांला वाटते. २०२२ साली राज्य सरकारने संस्थेवर दावा लावला. सूट आहे हे न सांगता गरिबांना ‘पैसे कसे देता?’ असे विचारतात, मागून वसुलीवाले धाडतात, असा आरोप होता. २०२४ साली तडजोड झाली. सुमारे लाखभर रोग्यांचे मिळून १५ कोटी डॉलरांहून जास्त पैसे माफ झाले किंवा परत मिळाले.