७२ मिलिमीटरची पायपीट

आमच्या जुन्या मारुती ८०० चं इंजिन उघडलं, तेव्हा मेकॅनिकने एक पिस्टन माझ्या हातावर ठेवला. जेमतेम मुठीएवढा. सिलिंडरमध्ये तो ७२ मिलिमीटर वर जातो आणि तेवढाच खाली येतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० वेळा ही ये-जा. घरी येऊन हिशेब मांडला आणि थक्क झालो. एका जागी राहून हा पिस्टन तासाला जवळपास २६ किलोमीटर चालतो!

एवढी पायपीट करून तो झिजून कसा जात नाही? मध्ये तेलाचा पापुद्रा असतो, केसाहूनही कितीतरी पातळ. तो राखतात पिस्टनच्या खाचांतल्या तीन रिंगा. वरच्या दोघींचं मुख्य काम स्फोटाचा दाब अडवण्याचं. तिसरी, ऑइल रिंग, भिंतीवरचं जास्तीचं तेल खरवडते आणि बारीक छिद्रांतून खाली तेलाच्या चेंबरमध्ये परत पाठवते. सगळं पुसलं तर इंजिन जाम होईल, जास्त ठेवलं तर तेल जळेल. म्हणूनच नवं इंजिनही थोडं ऑइल खातंच.

गाडी फार ऑइल खाऊ लागली की ‘रिंगा गेल्या’ म्हणतात. पुष्कळदा त्या गेलेल्या नसतात, चिकटलेल्या असतात. माझ्या हातातल्या पिस्टनची छिद्रं काळ्या कार्बनने पार बुजली होती, चुलीवरच्या तव्याच्या बुडासारखी. ऑइल बदलायला केलेली टाळाटाळ तिथे साचली होती.

तेलाला सिलिंडरमध्ये शिरायला वरूनही एक वाट असते. वॉल्व्हच्या दांडीवरचं रबरी सील उष्णतेने कडक होतं. घाट उतरताना गाडी गिअरमध्ये असते, ॲक्सिलरेटर सोडलेला असतो. हवेची वाट जवळजवळ बंद, तरी इंजिन ओढतच राहतं. त्या ओढीने सीलमधून तेल आत झिरपतं आणि पायथ्याशी ॲक्सिलरेटर दाबताच मागे निळा धूर उठतो. सकाळी स्टार्ट करताना क्षणभर दिसणारा निळा धूरही बहुधा सीलचाच. वेग घेताना तो सतत दिसला, तर संशय रिंगांवर.

त्यामुळे इंजिन उतरवण्याआधी सोपं ते करावं. गाडीखाली पुठ्ठा ठेवून गळती पाहावी. इंजिनच्या आतल्या वायूंना वाट देणारा पीसीव्ही वॉल्व्ह तुंबला असेल तर बदलावा, कारण तो तुंबला की आतला दाब तेलाला बाहेर रेटतो. मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं ऑइल वेळेवर घालावं. एअर फिल्टर स्वच्छ असावा, कारण धूळ सिलिंडर घासते. आणि डिपस्टिकच्या वरच्या खुणेपुढे ऑइल कधीच भरू नये, नाहीतर क्रँक ते घुसळून फेस करतो.

आमच्या पिस्टनची छिद्रं मोकळी झाली, रिंगा आणि सील नवी बसली. आता दर रविवारी गार इंजिनची डिपस्टिक पुसताना फडक्यावर तेलाचा डाग उमटतो आणि मला ते २६ किलोमीटर आठवतात. एवढ्याशा ओलाव्यावर तो चालतोय!